जावळाचं टोक

टिक् करून मैथिलीच्या केसांतली क्लिप लाकडी जमिनीवर पडली, आणि सामान गेलेल्या त्या घरात तेवढासा आवाजही केवढा तरी मोठा वाटला.

ऋजुता दचकली. खिडकीच्या कट्ट्यावर पाय दुमडून ती मघापासून हातातल्या फोनवरचं एकच वाक्य वाचत बसली होती. सोफा शेजाऱ्यांनी नेला होता, पडदे उतरले होते, नवऱ्याची, मिहीरची, पुस्तकं बोटीनं रवाना झाली होती. उरल्या होत्या दोन गाद्या, एक किटली, भरत आलेल्या बॅगा आणि या दोघी मायलेकी.

"आई, क्लिप पडली."

"मग उचल की, राणी."

"तू उचल. माझं बाळ निजतंय."

बाळ म्हणजे एक लोकरी मोजा होता. मैथिली त्याला मांडीवर घेऊन थोपटत होती आणि मोकळे सुटलेले तिचे केस पाठभर पसरले होते. मऊ, काळसर, टोकाशी पिंगट, निमुळते होत होत हवेत विरून जाणारे. जन्मल्यापासून त्यांना कात्री लागली नव्हती.

ऋजुतानं ते वाक्य पुन्हा वाचलं. 'विवरणात नाव असलेल्या प्रत्येक व्यक्तीचा एक केस, मुळापासून टोकापर्यंत, शक्यतो कधीही न कापलेला.'

इतकी वर्षं या देशात पवनचक्क्यांच्या दुरुस्तीची वेळापत्रकं लावून पगार घेतला. आता कायमचं जायचं तर शेवटचं करविवरण भरून, दाखला घेऊनच विमानात बसायचं, हे तिला ठाऊक होतं. आकडे तिनं पुन्हापुन्हा तपासले होते. केसाच्या ओळीवरून मात्र नजर नुसती फिरून गेली होती. मिहीर आधीच पुढे गेला, तेव्हा त्यानं आपला एक केस दिला, तिथल्या तिथे दाखला मिळाला, आणि पुण्याला जाऊन नवी नोकरी नि भाड्याचं घर धरून तो बसलाही होता. मुलाचं नाव मात्र शेवटी जाणाऱ्या पालकाच्या विवरणात येतं. म्हणजे तिच्या. आणि तिला करकचेरीत जायचं होतं उद्या सकाळी.

केसाची ही भानगड काही फार जुनी नव्हती. जगभर लोक घरबसल्या कामं करायला लागले, तशी कोण कुठल्या देशात बसून कमावतोय हेच कुणाला कळेनासं झालं. पत्ता बर्फातला आणि माणूस नारळाच्या झाडाखाली, असे प्रकार सुरू झाले. तिकिटं, शिक्के, फोनच्या खुणा, सगळ्याला बगल देता येत होती. शेवटी करखात्यांनी साक्षीला पाण्याला बोलावलं.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. काहींमधला हायड्रोजन किंवा ऑक्सिजन किंचित जड असतो. समुद्रावरून ढग निघतो तेव्हा हे जड पाणी त्याला फार लांब नेता येत नाही. उबदार किनाऱ्यावरच तो ते आधी सांडून टाकतो. पुढे थंड मुलखाकडे सरकता सरकता त्याच्याजवळ हलकंच पाणी उरत जातं. म्हणून कोकणातल्या विहिरीचं पाणी जड, आणि या उत्तरेकडच्या गावातल्या नळाचं हलकं. जिभेला यातलं काही कळत नाही, शरीर मात्र सगळं टिपून ठेवतं. जे पाणी माणूस पितो त्याचाच अंश केसात विणला जातो, आणि एकदा विणला की बदलत नाही. केस मुळाशी वाढतो आणि टोक पुढे सरकत राहतं. म्हणजे मुळाशी परवाचं पाणी, टोकाशी काही वर्षांपूर्वीचं. शास्त्रज्ञांना हे कधीचं माहीत होतं. नवं होतं ते टेबलावर मावणारं यंत्र. लेझरच्या सुईनं ते अख्खा केस टोकापासून वाचत जायचं, परदेशी भाजीफळांतून आलेली भेसळ वजा करायचं, आणि कपातला चहा निवायच्या आत सांगायचं की हा माणूस कधी, कुठलं पाणी प्यायला.

मुलांचे केस बघायचं कारणही तसं सरळ होतं. मूल मायदेशी आजी-आजोबांकडे ठेवून इथे त्याच्या नावानं करात सूट घेणारे पुष्कळ निघाले होते.

मैथिली तर इथेच वाढली होती. त्याची ऋजुताला धास्ती नव्हती. धास्ती होती ती टोकाची.

तिनं इंगेरला फोन लावला. इंगेर त्यांची करसल्लागार. साठी उलटलेली, बोलताना हातात कायम सुया आणि लोकर.

"लहान मुलांचं कसं वाचतात हो?" ऋजुतानं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"मुलीचे केस कापलेत कधी?"

"नाही. आमच्याकडे पहिले केस देवीपुढे कापतात. अजून जाणंच झालं नाही."

"अगं, मग हाल्वर खूशच होईल! असा केस त्याला वर्षातून एखादाच मिळतो." इंगेरच्या सुया टिकटिकत होत्या. "न कापलेल्या केसाचं टोक म्हणजे जन्माआधीचं. पोटात उगवलेले केस बहुतेक सगळे पहिल्या काही महिन्यांत गळून जातात, पण थोडे चिवट टिकतात. यंत्र नेमके तेच हुडकतं. ते टोक आईच्या पाण्यावर झालेलं असतं, म्हणून मग आईच्या केसाशी लावून बघायचं. पडताळा."

"आणि नाही जुळलं तर?"

सुया थांबल्या. "का नाही जुळणार?"

"नाही... सहज."

मग इंगेर बोलली ती अगदी सावकाश. "हे बघ ऋजुता, केस यंत्रात जायच्या आधी विवरणातली कुठलीही ओळ तुला बदलता येते. ती दुरुस्ती, गुन्हा नव्हे. आणि आमचं करखातं तोंडाचं पक्कं आहे. तिथे सांगितलेली गोष्ट दुसऱ्या खात्याच्या कानावर घालायची त्यांना कायद्यानं बंदी आहे. पण यंत्रानं खोटं पकडलं, तर मग तो कराचा मामला राहत नाही. फाइल जाते बालकल्याणकडे. चौकशी संपेपर्यंत मूल त्यांच्या ताब्यात." सुया पुन्हा सुरू झाल्या. "मी तुला काही विचारत नाहीये हं."

फोन ठेवल्यावर ऋजुता उठली, क्लिप उचलली, आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली.

मैथिलीला तिनं जन्म दिला नव्हता.

एकामागून एक गर्भ राहिले आणि गेले, आणि शेवटच्या वेळी डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं, तेव्हा ऋजुता फोनवर केतकीजवळ रडली होती. केतकी म्हणजे मिहीरची धाकटी बहीण. कोकणात खाडीकाठच्या गावी दिलेली, पदरात दोन मुलगे, आणि तिसऱ्याची चाहूल लागलेली. विहिरीच्या काठावर उभी राहून केतकी ऐकत राहिली होती, आणि मग एकदम म्हणाली होती, "वहिनी, हे तुझं. उगी आता."

घरात कुणाला त्यात कायदा वगैरे काही दिसलाच नाही. परक्याकडून घेतलं तर दत्तक. हे तर घरचं मूल घरातच राहणार होतं. बाळंतपणाच्या तोंडावर ऋजुता इथून जाऊन पोचली. गावातल्या दवाखान्यात आईचं नाव काय लिहू म्हणून विचारलं तेव्हा सासूबाईंनी तिथल्या परिचारिकेला 'ऋजुता' असं सांगितलं आणि पेढे वाटायला घेतले. पहिले काही महिने केतकीनं पाजलं. एकाच विहिरीचं पाणी दोघी प्यायल्या, एकाच पाळण्याला दोघींनी झोके दिले. मग ऋजुता बाळाला घेऊन विमानात बसली. त्या वर्षीच्या विवरणात 'स्वतःचं अपत्य' या शब्दांपुढे तिनं खूण केली, ती करताना आपण खोटं लिहितोय असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

केतकीनं बदल्यात मागितलं होतं ते एवढंच. "जावळ मात्र इथं, आपल्या देवीपुढं. मी आत्या ना? मग माझ्याच पदरात पडू दे. तोवर कात्री लावायची नाही." रीतच तशी होती. मूल मामाच्या मांडीवर बसतं आणि उतरवलेलं जावळ आत्या पदरात झेलते. निघायच्या दिवशी केतकी त्यावरून मिहीरची थट्टासुद्धा करत होती. "दादा, हिचा खरा मामा तूच की रे! बाप म्हणून उभा राहणार का मामा म्हणून बसणार ते आत्ताच ठरव." सगळे हसले. मग कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना.

पुढे दर वर्षी जायचं ठरायचं आणि राहून जायचं.

"टोकं छाट," मिहीर फोनवर म्हणाला. पुण्यातल्या रिकाम्या घरात त्याचाही आवाज घुमत होता. "तेवढीच. तांदळाच्या दाण्याएवढी. त्याच्या पुढचा सगळा केस बिनघोर आहे. ती जन्मली तेव्हा तू तिथेच होतीस, ते पासपोर्टवर आहे. कापलेला केस चालतो ना?"

"चालतो. 'शक्यतो' न कापलेला म्हटलंय."

"मग झालं तर."

"आणि केतकीला काय सांगू?"

"सांगायचंय कशाला? पाठभर केस आहेत पोरीचे. पदर भरेल तिचा."

"मी शब्द दिलाय, मिहीर."

"ऋजू, ऐक." त्याचा आवाज खाली आला. "त्यांनी ठेवून घेतलं तिला, तर? एकदा डोळ्यांपुढे आण. कुणाच्या तरी घरात झोपलीये. उठून पाणी मागतेय, आणि मराठीत मागतेय, आणि तिथे कुणाला—"

"गप्प बस."

"नाही बसणार. ती माझीपण आहे. कात्री घे, आत्ता, मी फोनवर आहे तोवर."

"तू फोन ठेव. तू असताना माझे हात चालणार नाहीत."

खोक्यांची चिकटपट्टी कापायला ठेवलेली कात्री होती. ऋजुतानं ती साबणानं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मैथिलीला मोठ्या बॅगेवर बसवलं आणि खांद्यांभोवती टॉवेल गुंडाळला. दुपारचं तिरकं ऊन उघड्या खिडकीतून आत आलं होतं.

"आई, आज देवी येणारे?"

"नाही गं."

"मग आत्या येणारे?"

"नाही. हलू नकोस."

"मग पदर कुठाय?"

ऋजुतानं टॉवेल सारखा केला. "आज अगदी थोडंसंच कापायचंय. कुणाला कळणार नाही इतकंसं."

मैथिलीनं दोन्ही मुठींत आपले केस गच्च धरले. "नको! आत्याला कळतं. आत्या म्हणाली, एक जरी केस कमी झाला ना, तर मी मोजणारे."

"आत्याची गंमत असते ती. सोड बघू मुठी."

"तूच म्हणतेस, सांगितलेलं मोडायचं नाही!"

"मैथिली!"

आवाज चढला तसा पोरीचा खालचा ओठ बाहेर आला. मुठी सुटल्या. ती निमूट बसली. तिनं एक बट हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. मुळापासून खाली सगळा केस काळसर होता, आणि शेवटी, अगदी शेवटी, दिसेल न दिसेलशी पिंगट तंतूसारखी टोकं. तिनं कात्रीचं तोंड उघडलं.

तेवढ्यात कट्ट्यावरचा फोन वाजायला लागला, आणि टॉवेलसकट उडी मारून मैथिलीनं तो उचललाही. "आत्या! आत्या, आई माझे केस कापतेय!"

पडद्यावर केतकीचा चेहरा आला. उन्हानं रापलेला, कपाळावर घाम, मागे पोफळीची झाडं आणि पंपाची धडधड. तिनं टॉवेल बघितला. कात्री बघितली.

"वहिनी? काय चाललंय हे?"

"मैथू, जा, बाळाला आत नेऊन निजव. दार लोटून घे," ऋजुता म्हणाली. मोजा घेऊन मैथिली आत गेली.

"थांब, पंप बंद करते," केतकी म्हणाली. धडधड थांबली. मग ऋजुतानं सगळं सांगितलं. यंत्र, पाणी, टोक, बालकल्याण खातं. 

"म्हणजे ते मशीन माझं नाव सांगणार," केतकी म्हणाली.

"नाव नाही गं. पाणी. आपल्या विहिरीचं."

"तेच ते." तिनं घाम पुसला. "आणि पकडलं तर? पोर कुणाची धरतील?"

त्या प्रश्नात काहीतरी होतं. ऋजुताच्या हातातली कात्री एकाएकी जड झाली. "मला नाही माहीत. माझी नाही एवढं ठरेल. मग कदाचित तुला बोलावतील. जन्म देणारी म्हणून."

केतकीच्या मागे कुठेतरी झावळी पडल्याचा आवाज झाला.

"केतकी?"

"ऐकतेय. खरं सांगू, वहिनी? क्षणभर बरं वाटलं मला. आत्ता, तू म्हणालीस तेव्हा. रागावू नको हां. क्षणभरच." तिनं नाक ओढलं. "काप तू. मी नाही मोजणार. काप आणि घेऊन ये तिला." आणि फोन तिनं विहिरीच्या कठड्यावर उताणा ठेवून दिला. पडद्यावर नुसती पोफळीची शेंडी हलत राहिली आणि वर पांढरं आभाळ.

ऋजुता त्या आभाळाकडे बघत राहिली. रागवायचं होतं तिला. ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं, पहिलं पाऊल कुणाच्या बोटाला धरून टाकलं, हे सगळं ओरडून सांगायचं होतं. पण सांगायची गरजच नव्हती. ते यंत्र उद्या तेच तर सांगणार होतं. पाठभर केस, मुळापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत, तिनं भरवलेल्या मऊ भातावर आणि तिनं गाळलेल्या पाण्यावर वाढलेला. केतकीचं एकटीचं म्हणण्यासारखं त्यात होतं ते फक्त तांदळाच्या दाण्याएवढं. आणि तेवढंच ती कापायला निघाली होती.

तिनं कात्री मिटली.

"केतकी, फोन उचल. केतकी, ऐकतेयस ना? उद्या माझी सकाळ, म्हणजे तुझी दुपार. फोन हातातच ठेव. कुणीतरी तुला विचारेल."

आभाळ बाजूला झालं. डोळे लाल झालेला चेहरा आला. "काय विचारेल?"

"जे झालं ते."

"आणि मी काय सांगू?"

"ते मी नाही शिकवणार तुला," ऋजुता म्हणाली. "तू ठरव."

करकचेरी म्हणजे काचेची लांबलचक खोली होती. खिडकीपलीकडे बंदर आणि त्यात उभ्या पवनचक्क्या. हाल्वर नावाचा अधिकारी आडव्या बांध्याचा, मिशीवाला म्हातारा होता, पण त्याची बोटं घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखी नाजूक. यंत्र त्याच्या टेबलावर होतं, शिवणयंत्राएवढंच. मैथिलीला बघताच त्याचा चेहरा उजळला. "हा केस! इंगेर म्हणाली होती मला." त्यानं चिमटा उचलला.

"थांबा," ऋजुता म्हणाली. "केस आत जायच्या आधी मला एक ओळ बदलायचीये."

चिमटा खाली आला. हाल्वरनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडदा तिच्याकडे वळवला. "कुठली?"

तिनं बोट ठेवलं. त्यानं वाचलं. मग मैथिलीकडे बघितलं, मग पुन्हा ऋजुताकडे. "खोडा," तो म्हणाला. "तुमच्याच हातानं खोडावं लागतं. नियम आहे."

तिनं लेखणी घेतली. 'स्वतःचं अपत्य'. दोनच शब्द, पण रेघ वाकडी होऊन वरच्या ओळीत घुसली. खाली दुसरा पर्याय होता. 'जन्मदात्या आईच्या संमतीनं सांभाळलेलं मूल'. तिनं त्यापुढे खूण केली आणि मान वर केली नाही.

हाल्वरनं काही आकडे बडवले. "सूट दोन्हीला सारखीच आहे," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "कराच्या दृष्टीनं काहीच फरक पडत नाही."

"हो का," ऋजुता म्हणाली.

"तुमच्या देशातले कागद तुमच्या देशात नीट करून घ्या. ते मला दिसत नाहीत. मला संमती तेवढी लागेल. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर दाखला देता येणार नाही, आणि दाखल्याशिवाय मुलीला इथून हलता येणार नाही. हे तुम्ही समजूनच आलात ना?"

"समजून आलेय."

ऋजुतानं लावलेला फोन एका फटक्यात उचलला गेला. केतकी ओसरीवर बसली होती. ठेवणीतली साडी, चापून विंचरलेले केस, खांद्यावरून ओढून घेतलेला पदर. टेबलावरच्या दुभाषी यंत्रानं हाल्वरचे शब्द नीटस, पुस्तकी मराठीत तिच्यापर्यंत पोचवायला सुरुवात केली.

"या मुलीस आपण जन्म दिला आहे काय?"

"हो."

"ही मुलगी आपली आहे काय?"

पवनचक्क्यांची पाती काचेपलीकडे फिरत होती. ऋजुतानं मैथिलीचा हात धरला होता, तो किती घट्ट धरलाय हे पोर कुरकुरली तेव्हा तिला कळलं. केतकीला आधीच सांगून ठेवायला नको होतं का, काय बोलायचं ते? नक्की सांगायला हवं होतं. काल कात्री मिटायलाच नको होती.

"आपले उत्तर ऐकू आले नाही," दुभाष्या म्हणाला. "कृपया पुन्हा बोलावे."

हात सोडवून मैथिली खुर्चीवर चढली. "आत्या! बघ!" तिनं पाठीवरचे केस दोन्ही हातांनी पुढे ओढून पडद्यासमोर धरले. "एकपण नाही कापला. मोज हवं तर!"

केतकी त्या केसांकडे बघत राहिली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"नाही," ती म्हणाली. "माझी नाही."

"मग कोणाची आहे?"

"वहिनीची. माझ्या वहिनीची आहे ती."

"मुलीने त्यांच्यासोबत जाण्यास आपली संमती आहे काय?"

"आहे म्हटलं ना! आहे. किती वेळा विचारतो हा बाबा?"

दुभाष्यानं इमानेइतबारे तेही सांगून टाकलं. हाल्वरची मिशी जराशी हलली. "एवढ्यावर भागेल," तो म्हणाला.

केतकीचे आभार मानावेत, काहीतरी बोलावं म्हणून ऋजुतानं पडद्याकडे बघितलं. पण केतकीनं पदर तोंडाला लावला होता आणि मान वळवली होती. फोन मात्र तिनं बंद केला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. "एकच हं," मैथिलीनं हाल्वरला बजावलं, आणि डोळे गच्च मिटून एक केस दिला. ऋजुतानंही आपला दिला. यंत्र घरघरलं. विवरणात आता खोटं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यालाही हरकत घेण्यासारखं काही मिळालं नाही. दाखला आला. हाल्वरनं तो तिच्या फोनवर पाठवला आणि हात पुढे केला. "सुखरूप जा दोघी."

"हे काय आहे?" मैथिली विचारत होती.

लहान मुलांना गंमत म्हणून यंत्र एक नकाशा दाखवायचं. कुठलं पाणी कधी प्यायलात त्याचे ठिपके, सरकत जाणारे. एक हिरवा ठिपका मैथिलीचा, एक पिवळा ऋजुताचा.

"हिरवी मी?" मैथिलीनं नाक पडद्याला टेकवलं.

"हो."

"आणि पिवळी तू?"

"हो, राणी. चल आता, उशीर होतोय."

"थांब ना." ठिपके पहिल्यापासून चालू झाले होते. खाली, समुद्राच्या कडेला, हिरवा एकटाच मिणमिणत होता. वर, पार वर, बर्फाच्या मुलखात पिवळा. मग पिवळा निघाला, समुद्र ओलांडून खाली आला, हिरव्याला चिकटला, आणि पुढे दोघे कधीच सुटे झाले नाहीत. मैथिलीनं ते परत पहिल्यापासून लावलं. परत बघितलं. मग तिनं आपलं बोट त्या एकट्या हिरव्या ठिपक्यावर ठेवलं.

टेबलावर केतकीला लावलेला फोन अजून चालूच होता. तिच्या तोंडावरचा पदर खाली आला होता.

"आई," मैथिलीनं विचारलं, "तू तर तिकडे वर होतीस. मग मी इथे कुणाजवळ होते?"